रोमची ताकद फक्त तलवारीत नव्हती



रोमने शेजाऱ्यांना निव्वळ लष्करी बळावर चिरडले, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत मला पटत नाही. वेई शहराबाबत (इ.स.पू. ३९६) ते खरे आहे. पण इ.स.पू. ३३८ मध्ये लॅटिन शहरांचा पराभव केल्यावर रोमने त्यांचा संघ मोडला आणि प्रत्येकाशी वेगळा व्यवहार केला. काहींना पूर्ण नागरिकत्व दिले. लॅटिनांच्या बाजूने लढलेल्या कापुआसारख्या कॅम्पेनियन शहरांना नागरिकत्व मिळाले, मताधिकार नाही. अनेक लॅटिन शहरांना तर आपापसांत सोयरीक आणि व्यापार करण्याचीही बंदी झाली. फोडाफोडीचे हे राजकारण लढाईइतकेच निर्णायक होते!

शिवाय रोम दोस्तांकडून खंडणी नव्हे, सैनिक घेई. म्हणूनच कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याकडून कॅनीच्या लढाईत झालेल्या भीषण पराभवानंतरही (इ.स.पू. २१६) रोमला नवे सैन्य उभारता आले. कापुआ हॅनिबलला मिळाले खरे, पण मध्य इटली बव्हंशी रोमकडेच राहिली.

ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणत नाही. रोमसाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडणाऱ्या इटालियन दोस्तांना नागरिकत्वासाठी अखेर इ.स.पू. ९१ मध्ये शस्त्र उचलावे लागले. लेखकांनी या बंडाचा उल्लेखही करू नये, याचे मला वाईट वाटले.

एक वाचक, सांगली