बहिणीच्याच वाट्यातून बहिणीला ओवाळणी



२०२५ च्या मे महिन्यात सरकारने लाडकी बहीण योजनेचा एका महिन्याचा हप्ता भागवायला आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले. त्याच वेळी सामाजिक न्याय विभागाचे, म्हणजे दलित बांधवांच्या वाट्याचे, ४१० कोटी ३० लाखही गेले. त्या खात्याच्या मंत्र्यांनीच यावर उघड नाराजी बोलून दाखवली. मंत्री बोलतो आणि आपण गप्प बसतो, हे बरं नव्हे.

हा पैसा कुणी दया म्हणून टाकलेला नाही. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे १९७४ पासून, आदिवासी उपयोजना आहे. लोकसंख्येत आदिवासी जेवढे, तेवढा खर्चाचा वाटा त्यांच्यासाठी वेगळा काढायचा, हे तिचं तत्त्व. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण १ कोटी ५ लाख आहोत, म्हणजे शंभरात नऊच्या वर. आश्रमशाळा, वसतिगृह, पाड्याचा रस्ता, पाणी हे सगळं याच वाट्यातून व्हायचं. २०१३ साली सुरू झालेली शबरी घरकुल योजनाही यातलीच. वाट्याला हात लागला म्हणजे आपल्या घराच्या पायाला हात लागला.

काही पाड्यांवर लोक विचारतात, "पैसे तर आपल्याच बायांना मिळतात ना? मग ओरडायचं कशाला?" सवाल वाजवी आहे, त्याला उत्तर द्यायला पाहिजे. महिन्याचे दीड हजार बाईच्या हातात येतात, त्यातून तेलमीठ येतं, पोराला दवाखान्यात न्यायला गाडीभाडं होतं. ते बंद करा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण ही योजना सगळ्या जातीजमातींच्या गरीब बायांसाठी आहे. बाकीच्या बायांचे पैसे राज्याच्या सामाईक तिजोरीतून येतात. त्या तिजोरीत आपणही भर घालतो. साबणाच्या वडीवर, चपलेवर, सिमेंटच्या गोणीवर कर आपणही भरतो. मग बाकीच्यांना तिजोरीतून आणि आदिवासी बाईला तिच्या स्वतःच्या वाट्यातून, हा कुठला न्याय? भावाने ओवाळणी घालावी ती आपल्या खिशातून. बहिणीच्याच डब्यातून काढून तिच्याच ताटात घालायची आणि वर आपलं नाव सांगायचं, याला ओवाळणी म्हणत नाहीत.

आता आकडा समजून घेऊ. ते पैसे घरकुलाच्याच खात्यातून गेले असं आमचं म्हणणं नाही. पण ३३५ कोटी ७० लाख म्हणजे किती, हे कळायला आपल्या ओळखीचं माप घेऊ. एका घरकुलाला १ लाख २० हजार धरले तर तेवढ्या पैशात २७,९७५ घरं होतात. एका हप्त्यात जवळपास २८ हजार घरं! आणि उलटा हिशोबही करा. दीड हजाराने १ लाख २० हजार साठायला ८० महिने लागतात, तेही त्यातला एक रुपया न खाता. कुडाची भिंत दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागते, छपराचं पान-पेंढा बदलावा लागतो. ते करणारी बाई सहा वर्षं आठ महिने उपाशी राहून घर बांधील का?

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेच्या पैशासाठी कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा नाही. तो पाहिजे, ही आपली मागणी आहे. पण नुसत्या कायद्यावर भरवसा ठेवून चालत नाही. कर्नाटकाच्या कायद्यात ७(ड) नावाची पळवाट होती. सगळ्यांसाठीच्या कामाचा खर्चही त्यातून उपयोजनेत दाखवता यायचा. ती २०२३ मध्ये काढली, तरी तिथं हा पैसा सरकारच्या हमी योजनांकडे गेलाच. कागदावरचा कायदा राखायला माणसं लागतात. वनहक्काच्या लढाईत आपण हेच पाहिलं आहे.

म्हणून वर मुंबईत जेवढं लक्ष, तेवढंच खाली पाड्यावर पाहिजे. मंजूर झालेलं घरकुल खाली अडकलं की पैसा पडून राहतो, आणि पडून राहिलेल्या पैशावर सगळ्यांची नजर जाते.

पहिली अडचण जागेची. "जागा वनखात्याची आहे, घर बांधता येणार नाही," असं सांगून परत पाठवतात. त्यांना सांगायचं की वनहक्क कायद्यात वस्तीच्या जागेचाही हक्क आहे. शिवाय २३ सप्टेंबर २०२० ला राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतल्या अधिकारात अधिसूचना काढली आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधता यावं, यासाठीच ती आहे. हा कागद प्रत्येक ग्रामसभेच्या फायलीत पाहिजे.

दुसरी अडचण ठेकेदाराची. पहिला १५ हजारांचा हप्ता जमा झाला की मोटारसायकलवर माणूस येतो. "पासबुक दे, बांधून देतो," म्हणतो. जोत्यापर्यंत काम करतो आणि पुढचा हप्ता काढून गायब होतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमात ठेकेदाराला जागाच नाही. पैसा घरवाल्याच्या खात्यात, घर त्याने स्वतः बांधायचं. वर ९० दिवसांची रोजगार हमीची मजुरी वेगळी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने ती २८,०८० होत होती. ती किती जणांना मिळाली, हे आपापल्या पाड्यावर विचारा.

तिसरी गोष्ट भांडणाची. जनमन योजनेत कातकरी, कोलाम, माडिया यांना घरासाठी दोन लाख आहेत, बाकीच्या जमातींना कमी. यावरून एकाच पाड्यावर वारली-कातकरी तोंड फिरवून बसायला लागले तर फायदा कुणाचा? कातकऱ्याचे दोन लाख कमी करा असं कुणी म्हणू नये. एक लाख वीस हजारांत पक्कं घर होत नाही, सगळ्यांना दोन लाख द्या, असं सगळ्यांनी मिळून म्हणावं.

आपल्या हातात एक भक्कम हत्यार आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे योजनेचे लाभार्थी ग्रामसभा ठरवते, आणि पंचायतीला खर्चाचा दाखलाही ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो. म्हणजे घर झालं की नाही, हे साहेबाच्या मोबाईलमधला फोटो ठरवणार नाही, पाडा ठरवणार. अर्धवट घर दिसलं तर दाखला द्यायचा नाही. ज्याचं जोतं सुद्धा नाही त्याचं नाव "पूर्ण" म्हणून वाचलं तर तिथंच उभं राहायचं.

आवणी उरकली की १५ ऑगस्टची ग्रामसभा येते. तिथं चार ठराव घ्यायचे:

१. आदिवासी उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, तसा कायदा करा. वळवलेले ३३५ कोटी ७० लाख परत करा.

२. गावातली घरकुलाची यादी, मंजुरी, कोणता हप्ता कोणत्या तारखेला पडला, हे सगळं मोठ्याने वाचा आणि भिंतीवर लावा.

३. ज्यांना जागा नाही त्यांची नावं लिहून वनजमिनीवर घराच्या जागेची मागणी करा.

४. पाच जणांची घरकुल देखरेख समिती नेमा, त्यात निम्म्याहून जास्त बाया पाहिजेत. घर कसं बांधलं जातंय हे बाईइतकं कुणाला कळत नाही.

ठरावाची एक प्रत पंचायत समितीला, एक प्रकल्प कार्यालयाला, एक संघटनेकडे. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. शंभर पाड्यांचे शंभर ठराव एका दिवशी प्रकल्प कार्यालयाच्या टेबलावर पडले तर त्यांना ते मुंबईला पाठवावेच लागतील.

जमीन आपण कसून राखली. आता तिच्यावरचं घरही आपणच राखायचं.

आमचा वाटा, आमचा हक्क!
आदिवासी एकजूट जिंदाबाद!