खेचरांच्या वाटेवर सायकल

मोटारींच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या माणसाचे निम्मे लक्ष पुढे आणि निम्मे पाठीमागे असते. शेते, ओढे, झाडे सारे काही दोन्ही अंगांनी निघून जाते आणि घरी आल्यावर त्या गृहस्थाला आठवतो तो फक्त ट्रकचा भोंगा. म्हणून या दिवाळीला आम्ही आमच्या वाचकांना जरा लांब, पण अशा एका वाटेवर नेणार आहोत, की जिथे १८४.५ मैलांत एकही मोटार पाठीमागून येत नाही.

ही वाट अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन शहरातल्या जॉर्जटाऊनपासून पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने ती मेरीलँडमधल्या कंबरलंड गावापर्यंत जाते. आमचा पुतण्या त्याच भागात नोकरीला आहे. हल्ली आपल्याकडची कितीतरी मंडळी मुलासुनेकडे, पुतण्याभाच्यांकडे सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात आणि दुकाने पाहून परत येतात. आमचाही पहिला पंधरवडा तसाच गेला. मग पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही पुण्यात एवढी वर्षं सायकल चालवलीत. चला, तुम्हाला एक वाट दाखवतो.” त्याच्या काकूने “जा, पण रात्री फोन करा,” एवढ्या अटीवर आम्हाला सोडले.

वाट मुळात माणसांसाठी नव्हतीच. ती खेचरांची. १८२८ साली ४ जुलैला अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते चेसापीक अँड ओहायो कालव्याची पहिली कुदळ पडली. पडली म्हणायचे एवढेच. झाडाच्या मुळावर आपटून ती परत आली. दोन-तीनदा असे झाल्यावर अध्यक्षमहाशयांनी अंगातला कोट काढून ठेवला आणि पुन्हा जोर केला, तेव्हा कुठे माती निघाली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मौज अशी, की त्याच दिवशी बाल्टिमोर शहरात एका रेल्वेचाही पायाचा दगड बसला. कालवा आणि आगगाडी दोघांनाही पश्चिमेकडे जायचे होते. आगगाडी १८४२ साली कंबरलंडला पोचली. कालवा रडतखडत पोचला १८५० साली, आणि तिथेच थांबला. पुढे डोंगर ओलांडून पिट्सबर्गला जायचे ते स्वप्न कागदावरच राहिले.

तरीही या कालव्याने १९२४ सालापर्यंत कोळसा वाहिला. नव्वद फुटांहून लांब पडाव, त्यात शंभरावर टन कोळसा, आणि ते ओढायला काठावरून चालणारी दोन-तीन खेचरे. दुसरी जोडी पडावाच्या पुढच्या टोकाला तबेल्यात विश्रांती घेत असे. पडाववाल्याचे कुटुंबही पडावावरच राही. पोरे खेचरांच्या मागून मैलोगणती चालत. फारच लहान असली तर पाण्यात पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवीत. आमच्यासारख्याला वाचून कसेसेच होते, पण साखरेच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांची मुले कुठे आणि कशी वाढतात हे आठवले, की तोंड उघडवत नाही.

आता सायकलवाल्याला या जुन्या कालव्याचा उपयोग काय? तर चढ नाही! पाणी चढ चढत नाही, म्हणून कालवा सपाट खोदावा लागतो. जमीन वर गेली, की तिथे दगडी बांधणीचे ‘लॉक’, म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. पडाव आत घ्यायचा, खालचा दरवाजा लावायचा, वरचे पाणी आत सोडायचे, की पडाव आपोआप आठ-एक फूट वर उचलला जातो. अशी ७४ लॉक मिळून हा कालवा ६०५ फूट चढतो. सायकलवर बसलेल्या माणसाला मैल-दोन मैल बैठकीच्या खोलीतून चालल्यासारखे वाटते आणि मग एका लॉकपाशी चार पायडले जोराने मारावी लागतात, झाला चढ. वयाची साठी उलटलेल्यांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

वाट मातीची आणि बारीक खडीची. पाऊस पडून गेला की चिखल होतो, आणि मडगार्ड नसलेल्या सायकलस्वाराच्या पाठीवर त्याची रांगोळी उमटते. अशा वाटांसाठी हल्ली ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची खास सायकल मिळते. शर्यतीच्या सायकलपेक्षा तिचा टायर रुंद, साधारण चाळीस मिलिमीटरचा, आणि हवा जरा बेताची. म्हणजे खडी हाताला टोचत नाही. पुतण्याने तिची किंमत सांगितली तेव्हा आम्ही गप्प बसलो. आपल्या दूधवाल्याच्या सायकलचा दीड इंची टायर मोजून पाहा. तोही चाळीस मिलिमीटरच्या आतबाहेरच भरेल. त्या बिचाऱ्याने दोन्ही बाजूंना कॅन लटकावून मुरमाच्या वाटा पालथ्या घातल्या, पण त्याला कोणी असे भारदस्त नाव दिले नाही.

पण ही वाट आज उरली आहे ती काही आपोआप नव्हे. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही.

कालवा बंद पडल्यावर १९३८ साली तो सरकारने विकत घेतला. पुढे अशी योजना निघाली, की या निकामी कालव्याच्या जागेवरून मोटारींसाठी एक देखणा रस्ता काढावा. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९५४ च्या जानेवारीत अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. त्या वर्तमानपत्राचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे आम्ही म्हणणार नाही. नदीकाठची शोभा चार भटक्यांनीच का पाहावी? म्हातारीकोतारी, लेकुरवाळी यांनी मोटारीत बसून ती का पाहू नये? मुद्दा वाजवी आहे. पण विल्यम डग्लस नावाच्या गृहस्थांना तो पटला नाही. हे गृहस्थ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. वय ५५. हिमालयातसुद्धा भटकून आलेले. त्यांनी संपादकांना पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा, की ही जागा म्हणजे शहराच्या पाठीमागच्या दाराशी असलेले रान आहे. आपण एकदा माझ्याबरोबर ती सबंध चालून पाहा, मग काय लिहायचे ते लिहा.

संपादकांनी आव्हान स्वीकारले, ही त्यांची दिलदारी. २० मार्च १९५४ रोजी कंबरलंडहून मंडळी निघाली. आठ दिवस चालणे. वाटेत कुठे ना कुठे सामील झालेले एकूण ५८, पण सबंध वाट तुडवली ती डग्लस धरून नऊ जणांनीच. संपादकमंडळी त्या नवांत नव्हती. तरी जेवढे पाहिले तेवढ्याने त्यांचे मत बदलले आणि तसे त्यांनी छापलेही. आपले मत बदलले असे छापणारा संपादक विरळा, हे आम्ही याच धंद्यातले म्हणून सांगतो. पुढे १९६१ साली ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९७१ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. मोटारींचा रस्ता झाला नाही.

आम्ही सबंध वाट केली नाही. शेवटचा तुकडा केला, कारण पुतण्याला पॉ-पॉचा बोगदा दाखवायचा होता. ऑक्टोबरचे दिवस, झाडांची पाने पिवळी होऊन वाटेवर पडलेली. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कोरडा पडलेला कालवा; कुठे डबके राहिले असेल तिथे ओंडक्यावर कासवे ओळीने ऊन खात बसलेली. राखी बगळा सायकल अगदी जवळ आली तरी हलत नाही. त्याचा कुणी पाठलाग केलेला नसावा. तासाभरात दोन माणसे भेटली. पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवायची असा तिथला नियम आहे आणि तो लोक पाळतात. आमच्या लक्षात राहिला तो मात्र आमच्याच टायरांचा चुरचुर आवाज. पुण्यात एवढी वर्षे सायकल चालवली, पण टायरला आवाज असतो हे कधी ऐकू आले नव्हते.

बोगदा ३,११८ फूट लांब. दोन वर्षांत होईल म्हणून १८३६ साली हाती घेतला आणि चौदा वर्षे लागली. मजुरांचे पगार थकले, दंगे झाले, कंत्राटदाराचे दिवाळे वाजले. आत सायकल हातात धरून चालावे लागते आणि टॉर्च लागतोच. कठड्याला हात लावला, की खेचरांच्या दोरखंडांनी घासून पाडलेल्या खाचा बोटांना लागतात. बोगद्यात एका वेळी एकच पडाव मावे. एकदा म्हणे दोन पडाव समोरासमोर आले आणि कोणताच कप्तान मागे हटेना. दिवसांवर दिवस गेले. शेवटी कालव्याच्या अधिकाऱ्याने एका तोंडाशी मक्याची ओली ताटे पेटवून धूर केला, तेव्हा दोघे ठिकाणावर आले. खरे-खोटे कालवाच जाणे. आम्हाला आमच्या पेठेतल्या बोळात अडकलेल्या दोन टेम्पोंची आठवण झाली.

मुक्कामाची सोय चांगली आहे. दर पाच-सात मैलांवर तंबू ठोकायला जागा, हातपंप, शौचकूप आणि चूल. पैसे पडत नाहीत; एका जागी एक रात्र एवढीच अट. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पंपांचे दांडे काढून ठेवतात, हे मात्र ध्यानात असावे. आम्ही चुलीवर पिठले केले. भाकरीऐवजी पाव होता, पण तक्रार करण्याजोगी भूक शिल्लक नव्हती.

कंबरलंडहून पुढे आणखी १५० मैल जाता येते. बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावर केलेली ती ‘ग्रेट ॲलेगनी पॅसेज’ नावाची खडीची वाट २०१३ साली पुरी झाली आणि थेट पिट्सबर्गला पोचते. कालव्याला जे जमले नाही, ते सायकलने केले म्हणायचे.

रात्री चुलीपाशी पुतण्याने विचारले, “काका, आपल्याकडे अशी वाट का नाही?” आहे ना! नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठाने जाऊन पाहा. मुरमाची वाट, सपाट, एका अंगाला वाहते पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी केलेली, म्हणून रहदारी बेताची. पुण्याच्या मुठा कालव्यालाही तशी वाट आहे, आणि त्या कालव्याच्या जागेवर मोटारींसाठी रस्ता करावा अशी सूचना अधूनमधून निघत असते. तिथे एखादा न्यायमूर्ती संपादकांना घेऊन आठ दिवस चालेल की काय, हे आम्हाला ठाऊक नाही. संपादकांना मात्र विचारून पाहिले. त्यांनी गुडघेदुखीचे कारण सांगितले.

ज्यांना अमेरिकेतली वाट करायची असेल त्यांनी सप्टेंबर गाठावा. पॉ-पॉ हे एका फळाचे नाव आहे आणि ते फळ आपल्या सीताफळाच्या कुळातले. त्या बोगद्याच्या परिसरात ही झाडे फार, म्हणून गावालाही तेच नाव. सप्टेंबरात ती पिकतात. आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरला होता. झाडाखाली पानांत चार चपट्या, तपकिरी बिया सापडल्या, त्या पुतण्याने खिशात टाकल्या. परसात लावून पाहतो म्हणाला.