कुत्र्याचं नाव सोइचिरो

२६ मार्च १९८६ हा बुधवार होता. त्या संध्याकाळी जपानच्या फुजी टीव्हीवर ‘मेझाँ इक्कोकु’ या चित्रमालिकेचा पहिला भाग लागला. यंदा त्या गोष्टीला चाळीस वर्षे होत आहेत. आदल्या बुधवारपर्यंत त्याच वेळेला ‘उरुसेई यात्सुरा’ लागत असे: वाघाच्या पट्ट्यांची बिकिनी घालून हवेत उडणारी आणि रागावली की विजेचा झटका देणारी परग्रहावरची पोरगी, तिच्या मागे लागलेलं अख्खं गाव, आणि १९५ भागांचा धुमाकूळ. तो संपला आणि त्याच लेखिकेचं, रुमिको ताकाहाशीचं, दुसरं जग पडद्यावर आलं. यात कोणी उडत नाही. एक गळकं लाकडी घर, छपरावर बंद पडलेलं घड्याळ, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला युसाकु गोदाई नावाचा मुलगा आणि घराची देखभाल करायला आलेली क्योको ओतोनाशी. तो तिच्या प्रेमात पडतो. हे दोघांनाही पुरतं उमगून निस्तरेपर्यंत ९६ भाग जातात.

घरातले बाकीचे भाडेकरू हा या उशिराचा मोठा आधार. दुपारपासून दारू घेऊन बसणाऱ्या आणि हातात पंखे घेऊन नाचणाऱ्या इचिनोसेबाई, झिरझिरीत कपड्यांत घरभर फिरणारी बारमधली आकेमी, आणि नोकरी काय करतो हे शेवटपर्यंत न कळणारा योत्सुया, ज्याने गोदाईच्या खोलीच्या भिंतीला भोकच पाडून ठेवलं आहे. परीक्षा उद्यावर आली की यांची मैफल बरोबर गोदाईच्याच खोलीत जमते. तो बिचारा क्योकोला काही सांगायला तोंड उघडतो तेव्हा दाराआड तीन जोड कान असतात.

पनवेलकरांना या घराची ओळख करून द्यायला नको. लाइन आळी, टिळक रोडच्या आसपासच्या कौलारू वाड्यांत भाड्याने राहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. सामाईक नळ, सामाईक जिना, आणि कोणाकडे कोण पाहायला आलं होतं याची बातमी पाहुणे ओटी उतरायच्या आत पलीकडच्या खोलीत. १९७० साली सिडको आली, नवीन पनवेल वसलं, मग कामोठे, खारघर; जुन्या गावातले वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या; १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली; आता विमानतळही सुरू झाला. वाड्यांच्या आठवणींचे कढ मात्र अजून निघतात. त्या आठवणींत आंबे असतात, गणपती असतो, पत्त्यांचे डाव असतात, आणि माजघरातल्या विधवा आत्याला फार तर एखादं वाक्य मिळतं. ती सगळ्यांचं करायची, एवढंच. ताकाहाशीने त्या आत्यालाच नायिका केलं, हे या मालिकेचं खरं वेगळेपण आहे.

क्योको विधवा आहे. शाळा संपताच आपल्या शिक्षकाशी तिने लग्न केलं आणि सहा महिन्यांच्या आत तो गेला. तिच्या अंगणात एक ढब्बू पांढरा कुत्रा आहे. तो नवऱ्यानेच घरी आणलेला. ठेवलेल्या नावाला ओ देईना, पण नवऱ्याच्या नावाला द्यायचा. म्हणून नवरा गेल्यावर कुत्र्याचंच नाव सोइचिरो. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्याला जेवायला हाक मारते, आणि मेलेल्या माणसाचं नाव घरभर घुमतं. प्रेक्षक हसतो, आणि हसून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण कशाला हसलो. असा दुधारी विनोद मालिकेच्या पटकथेत सहसा सापडत नाही. खुद्द सोइचिरोचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही; फोटो निघाला तरी त्यावर सावली पडलेली असते.

मराठी वाचकाला विधवेची गोष्ट नवी नाही. आपली कादंबरीच तिथून सुरू झाली: बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, १८५७. पुढे ह. ना. आपट्यांची यमू आली. गडकऱ्यांनी ‘प्रेमसंन्यासा’त बालविधवेचं दुःख मांडलं आणि हसवण्याची जबाबदारी विसराळू गोकुळवर सोपवली, दुःख एकीकडे, हशा दुसरीकडे. कागदावरून प्रत्यक्षात यायचं तर ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला आणि मुरूड गावाने त्यांच्या घरच्यांवर बहिष्काराचा बडगा उगारला. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि राज्य सरकारने इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. अलीकडची हसरी गोष्ट म्हणजे २०१९ची ‘अग्गंबाई सासूबाई’. सुनेने सासूचं लग्न जुळवायचं, ही कल्पना घराघरांत आवडली. तिथेही ताण होता तो मुलगा काय म्हणेल, आजोबा काय म्हणतील, याचाच.

दीडशेहून अधिक वर्षे आपली गोष्ट परवानगीची आहे. ती तशी असणं भागच होतं, त्यात कमीपणा काही नाही. पण परवानगी मिळाल्यावर त्या बाईच्या मनात काय चालतं, हे लिहायला आपल्याला फुरसत झाली नाही.

‘मेझाँ इक्कोकु’ नेमकी तिथून सुरू होते. क्योकोला कोणी अडवत नाही. उलट तिचे आईवडीलच मागे लागलेत की माहेरचं नाव परत घे, दुसरं लग्न कर. सासरे, जे घराचे मालक, तेही समजूतदार. टेनिस शिकवणारा मिताका श्रीमंत, देखणा आणि एका पायावर तयार. त्याची अडचण एकच, त्याला कुत्र्याची भयंकर भीती वाटते. म्हणजे नव्या स्थळाच्या आड पुन्हा सोइचिरोच! गोदाईची अडचण जास्त खोल आहे. मेलेला प्रतिस्पर्धी म्हातारा होत नाही, चिडत नाही, पैसे उधार मागत नाही. आणि क्योकोला वाटतं की दुसऱ्यावर जीव जडला तर पहिल्यावरचं प्रेम खोटं ठरेल. याला कोणता ठराव करणार?

लग्नाआधी गोदाई सोइचिरोच्या थडग्यापाशी जातो. तुम्ही तिच्यात आहातच, तेव्हा तुमच्यासकट मी तिला नेतो, अशा अर्थाचं काही तो सांगतो. ती मागे उभी राहून ऐकते. विसर, असं तिला कोणी म्हणत नाही. सगळी मालिका या प्रसंगासाठी रचली आहे असं आमचं मत.

याला वेळ लागतो, आणि तो वेळ ताकाहाशीने प्रामाणिकपणे दिला. मूळ चित्रकथा १९८० ते १९८७ या काळात नियतकालिकात क्रमशः आली आणि पात्रंही त्याच वेगाने मोठी झाली. नापास झालेला मुलगा अखेर बालवाडीचा शिक्षक होतो, तोही आधी एका कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची पोरं सांभाळून. क्योकोला आवाज सुमी शिमामोतोचा. मियाझाकींच्या चित्रपटातली नाउसिका बोलते तोच. रागाने गप्प बसलेली क्योको त्या आवाजात जशी कळते तशी चित्रात नाही.

सगळंच गोड मानून घ्यायचं कारण नाही. योत्सुयाचं भोकातून डोकावणं आज खपणार नाही. शिकाऊ शिक्षक गोदाईच्या मागे हात धुऊन लागलेली शाळकरी यागामी फार लांबते, आणि फोनवर अर्धवट ऐकून झालेल्या गैरसमजांची तर मोजदादच नको. हातात मोबाइल असता तर निम्मे भाग वाचले असते, हा आक्षेप तरुण मंडळी घेतात तो खराच आहे. तरीही ‘रानमा’ची नवी आवृत्ती २०२४च्या ऑक्टोबरपासून नेटफ्लिक्सवर पाहून ताकाहाशीच्या प्रेमात पडलेल्यांनी हिच्याकडे मागे वळून पाहावं. २०१९ साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने तिला आपला सर्वोच्च सन्मान दिला, तो काही केवळ धांगडधिंग्यासाठी नव्हता.

सीएसएमटी ते पनवेल हार्बरच्या गाडीला साधारण ऐंशी मिनिटं लागतात, म्हणजे तीन भाग सहज होतात. यागामीचे भाग वाशीपर्यंत डुलकी काढत पाहिले तरी चालतील. शेवटचे डझनभर मात्र सलग पाहावेत. थडग्याचा प्रसंग जवळ आला की फोन सरळ खिशात टाकावा आणि तो घरी जाऊन पाहावा. मानसरोवरला दारात उभं राहून डोळे पुसायला गेलात तर मागची माणसं ढकलून खाली उतरवतात.