सर्व्हर आला, किल्ली कुणाकडे?

मागच्या महिन्यात एका निमशासकीय कार्यालयात रस्त्याच्या कामाची कागदपत्रं बघायला गेलो होतो. "आता सगळं ऑनलाइन झालंय," क्लार्क अभिमानानं म्हणाले. अर्धा तास झाला तरी लॉगिन होईना. शेवटी कळलं ते असं, की अ‍ॅडमिनचा पासवर्ड ठेकेदार एजन्सीच्या ज्या पोराकडे होता, तो नोकरी सोडून पुण्याला गेलाय. फाईल आहे, सर्व्हर आहे, त्याच्या उद्घाटनाचा फोटोही भिंतीवर आहे. उघडणारा माणूस तेवढा नाही.

हा सर्व्हर शेअरपॉइंटचा. मायक्रोसॉफ्टचं हे सॉफ्टवेअर 2001 पासून चालतंय. कार्यालयाच्या फायली, टिपण्या, मंजुऱ्या एका जागी ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून त्यावर काम करायचं, यासाठी ते असतं. सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. विरोध आहे तो खरेदीला बजेट आणि कारभाराला वाली नाही, या पद्धतीला.

कारभार म्हणजे काय? कुणी फक्त वाचायचं, कुणी भर घालायची, कुणाच्या हाती सगळं द्यायचं, हे ठरवावं लागतं. आपल्याकडे साहेबांना अडचण नको म्हणून सगळ्यांनाच 'फुल कंट्रोल'! मग उद्या एखाद्या बिलाचा आकडा बदलला तर कुणी बदलला? व्हर्जनिंग चालू ठेवलं असेल तर जुनी प्रत सापडते, ऑडिट लॉग चालू असेल तर नाव सापडतं. नसेल तर काहीच नाही. डिलीट केलेली फाईल नेहमीच्या सेटिंगनुसार रिसायकल बिनमध्ये 30 दिवस राहते. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदतही 30 दिवसच आहे. जोडून बघा.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. जुलै 2025 मध्ये जगभरातल्या शेअरपॉइंट सर्व्हरवर हल्ले झाले. फटका बसला तो आपापल्या कार्यालयात ठेवलेल्या सर्व्हरना, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या सेवेला नाही. अमेरिकेची अण्वस्त्रं सांभाळणारी सरकारी संस्थासुद्धा त्यातून सुटली नाही. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांत तातडीचे अपडेट दिले, पण नुसता अपडेट टाकून भागत नव्हतं. हल्लेखोर सर्व्हरच्या 'मशीन की' घेऊन जात होते. चोरानं किल्लीची नक्कल करून नेल्यावर तुम्ही फोडलेली खिडकी बुजवली, तरी तो दारातून येणारच. म्हणून त्या कीसुद्धा बदलायच्या आणि वेब सेवा पुन्हा सुरू करायची, असं सांगितलं गेलं. हे आपल्याकडे कुणी केलं? मी विचारलं तर उत्तर आलं, "एजन्सी बघते." एजन्सीचा करार संपलेला!

2016 आणि 2019 या आवृत्त्यांच्या सपोर्टची मुदत 14 जुलै 2026. आपल्या कार्यालयातली आवृत्ती कुठली, हेही कुणाला सांगता आलं नाही. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं आणि लॉग 180 दिवस जपायचे. इथं पासवर्ड शोधण्यातच पंधरवडा जातोय.

अधिकारी म्हणतात, पद मंजूर नाही. मान्य, खोटं नाही ते. पण अ‍ॅडमिनचं खातं एजन्सीच्या पोराच्या नावावर न ठेवता कार्यालयाच्या ताब्यात ठेवायला पद लागत नाही. दोन कर्मचाऱ्यांना शिकवायला, पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवायला, महिन्यातून एकदा बॅकअप खरंच उघडतो का ते बघायला, करारात 'जाताना सगळं हस्तांतर करीन' ही ओळ टाकायला कुठला जीआर आडवा येतो? आणि "क्लाउडवर टाकून मोकळे होऊ" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, परवानग्या तिथंही तुम्हालाच द्याव्या लागतात.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये अभिलेख सूचीबद्ध करून, जमेल तसे संगणकावर आणायचं सांगितलंय, ते लोकांना सहज मिळावेत म्हणून. संगणकात कोंडून ठेवा असं म्हटलेलं नाही.

सोमवारी अर्ज टाकतोय. मागितलंय ते एवढंच: देखभाल कराराची प्रत, शेवटचा अपडेट टाकल्याची नोंद, बॅकअप तपासल्याची नोंद, आणि अ‍ॅडमिन म्हणून नेमलेल्या कर्मचाऱ्याचा आदेश. पासवर्ड मागितलेला नाही, कुणी मागूही नये. आपल्या नगरपालिकेत, बाजार समितीत, कॉलेजात हाच अर्ज टाकायचा असेल तर मेसेज करा, नमुना पाठवतो.