विश्लेषण : नवा फ्लाइट सिम्युलेटर घ्यावा, की जुन्यावरच उडावं?

'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४' हा गेम १९ नोव्हेंबर २०२४ रोजी आला आणि पहिल्याच दिवशी जमिनीवर अडकला. लोडिंग ९७ टक्क्यांवर थांबायचं, आत शिरायलाही रांग असायची. दोन लाख आभासी वापरकर्त्यांवर चाचणी करूनही खऱ्या गर्दीपुढे सर्व्हर टिकले नाहीत, असं कंपनीने स्पष्ट केलं. तो गोंधळ पुढे निवळला. पण ज्यांच्याकडे २०२० ची आवृत्ती आहे, त्यांचा प्रश्न कायम आहे: जुना गेम नीट चालत असताना पुन्हा पैसे का मोजायचे?

गेमपेक्षा कॉम्प्युटर महाग

अमेरिकेत साध्या आवृत्तीची किंमत ६९.९९ डॉलर ठेवली गेली. पण अंधेरी किंवा मुलुंडच्या घरात खरा खर्च गेमचा नसतो. २०२० च्या आवृत्तीला किमान ८ जीबी रॅम पुरायची. नव्याला किमान १६ जीबी लागते. शिफारस ३२ जीबी आणि आरटीएक्स २०८० च्या तोडीच्या ग्राफिक्स कार्डाची आहे. 'किमान' याचा अर्थ गेम सुरू होईल इतकाच, मजा येईल असा नाही.

एक गोष्ट मात्र स्वस्त झाल्यासारखी वाटते. जुन्याला १५० जीबी जागा लागायची, नव्याला ५० जीबी. उरलेला पसारा कुठे गेला? सर्व्हरवर. विमानं, विमानतळ, खालची जमीन, सगळं लागेल तसं इंटरनेटवरून येतं. हार्ड डिस्कवर वाचलेली जागा वायफायकडून वसूल होते.

हिशेब करून पाहू. कंपनी ५० एमबीपीएसची शिफारस करते. या वेगाने सलग डेटा आला, तर तासाला साधारण २२ जीबी होतात. प्रत्यक्षात वापर कमी-जास्त होत राहतो; शहरावरून खालून उडताना तो वाढतो. महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असलेल्या फायबर प्लॅनमध्ये रोजचा एक तास आरामात बसतो. पण मोबाइल हॉटस्पॉटवरचा रोजचा २ जीबी डेटा पूर्ण वेगात साडेपाच मिनिटांत संपेल. तेवढ्यात इंजिन सुरू करायची चेकलिस्टही होत नाही! त्यामुळे रात्री नऊला, घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही चालू असताना, स्पीड टेस्ट करून बघावी. खरा आकडा तो. २०२० मध्ये हव्या त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो आणि कमी बारकाव्यांसह इंटरनेटशिवायही उडता येतं.

मुंबई कशी दिसते?

या गेममधल्या बहुतेक इमारती उपग्रहचित्रं आणि नकाशांवरून सॉफ्टवेअर उभ्या करतं. २०२० मध्ये नकाशातल्या एका टायपिंगच्या चुकीमुळे मेलबर्नच्या उपनगरात २१२ मजली सुळका उभा राहिला होता. तेव्हा बोरिवलीतली आपली सोसायटी हुबेहूब दिसेल, या आशेवर पैसे घालू नयेत.

नवी मुंबई विमानतळाचंही तसंच. तिथून प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली, म्हणजे दोन्ही आवृत्त्या बाजारात आल्यानंतर. तिथे उतरायचं असेल, तर तो आपल्या आवृत्तीत आहे का, ते आधी तपासावं. मुंबई विमानतळाच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर घाटकोपरच्या डोक्यावरून उतरण्याचा सराव मात्र जुन्यातही होतो.

मग नवं काय?

करिअर मोड. रुग्ण हलवणं, वणवा विझवणं, शोध आणि बचाव अशी कामं मिळतात, पैसे कमावत पुढे जाता येतं. फक्त मुंबई-गोवा एअरबस उडवणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. नुसतं भटकून कंटाळलेल्याला तो नक्की आवडेल.

'पायलट व्हायचंय, म्हणून हवाय' असं घरी सांगणाऱ्यांसाठी: व्यावसायिक परवान्याला डीजीसीए २०० तासांचं उड्डाण मागते आणि त्यात घरच्या गेमचा एक मिनिटही धरला जात नाही. चेकलिस्ट आणि उपकरणं ओळखीची होतात, एवढाच फायदा. तो जुन्या आवृत्तीतही होतो.

१६ जीबीचा जुना लॅपटॉप असेल, तर २०२० वरच थांबलेलं बरं. नवा कॉम्प्युटर येणारच असेल, तर २०२४ घ्यावा. तरीही शंका असेल, तर विकत घेण्याआधी पीसी गेम पासवर महिनाभर चालवून पाहावा आणि बाहेरून विकत घेतलेली आपली विमानं नव्यात चालतात का, हे ती बनवणाऱ्यांच्या यादीत आधी बघावं.