तिगावचा अर्ज आणि गोव्याच्या तीन जागा

नागपूरहून इटारसीकडे निघालेली रेल्वे पांढुर्णा मागे टाकते, तिगावचे स्थानक येते आणि तेथून पुढे सातपुड्याचा घाट सुरू होतो. मध्य प्रदेशातील हे गाव मराठी बोलते, शाळेत हिंदी शिकते, संत्र्याच्या भावासाठी नागपूरकडे पाहते आणि सरकारी कामासाठी भोपाळकडे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून तिगावला जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. मात्र देशातील मोठ्या विज्ञानसंस्थांचे दार तेवढ्याने जवळ आले का, हा प्रश्न वेगळा आहे. गोमंतकीय वाचकाने एवढ्या दूरच्या गावाकडे का पाहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. तिगावातील नववीचे मूल आणि सत्तरीतील नववीचे मूल दरवर्षी एकच अर्ज भरू शकतात, आणि तो अर्ज आपल्या शिक्षणव्यवस्थेविषयी बरेच काही सांगून जातो.

हा अर्ज इस्रोच्या ‘युविका’ अर्थात युवा विज्ञानी कार्यक्रमाचा. २०१९ साली सुरू झालेल्या या उन्हाळी निवासी शिबिरात नववीच्या विद्यार्थ्यांना सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांत राहून प्रयोगशाळा पाहता येतात, शास्त्रज्ञांशी बोलता येते, स्वतःच्या हातांनी प्रयोग करता येतात. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून व केंद्रशासित प्रदेशातून तीन विद्यार्थी घेतले गेले आणि त्यांची निवड राज्य प्रशासनामार्फत झाली. कोरोनाकाळातील खंडानंतर २०२२ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. पुढे विद्यार्थ्यांची संख्या साडेतीनशेच्या आसपास गेली आणि डेहराडून, तिरुवनंतपुरम, श्रीहरिकोटा, बंगळूरु, अहमदाबाद, हैदराबाद व शिलाँग अशा सात ठिकाणच्या केंद्रांत शिबिरे होऊ लागली. निवास, भोजन आणि अभ्याससाहित्याचा भार इस्रो उचलते. विज्ञानाच्या नावाखाली उन्हाळी शिबिरांचे महागडे बाजार भरत असताना हे वेगळेपण नजरेआड करता येणार नाही.

प्रथम संधीचे गणित पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख, तर मध्य प्रदेशची ७.२६ कोटी. प्रत्येक राज्याला तीन जागा या मूळ सूत्राने गोव्यात सुमारे ४.८६ लाख लोकांमागे एक जागा येते आणि मध्य प्रदेशात २.४२ कोटी लोकांमागे एक. म्हणजे लोकसंख्येच्या हिशेबात गोव्याच्या मुलाची संधी तिगावच्या मुलापेक्षा जवळपास पन्नासपट अधिक. नंतर एकूण जागा वाढल्या, पण प्रत्येक राज्याचा किमान सहभाग राखण्याचे तत्त्व कायम राहिले. लहान राज्याला मिळालेले हे झुकते माप न्याय्य आहे की नाही, यावर वाद घालता येईल. संघराज्यात लहान घटकांचा आवाज बुडू नये म्हणून अशी तरतूद लागतेच. मात्र ज्याला झुकते माप मिळते, त्याने त्याचा उपयोग केला पाहिजे.

खरी मेख निवडीच्या निकषांत आहे. गेल्या काही वर्षांच्या अधिसूचनांनुसार आठवीच्या गुणांना ५० टक्के भार आहे आणि ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १०. मागील तीन वर्षांतील विज्ञान प्रदर्शनातील सहभागाला पातळीनुसार २, ५ किंवा १०, ऑलिम्पियाडसारख्या परीक्षांतील क्रमांकाला अधिकाधिक ५, क्रीडास्पर्धांतील यशाला अधिकाधिक ५ आणि स्काऊट-गाईड, एनसीसी वा एनएसएसच्या सदस्यत्वाला ५ टक्के भार मिळतो. उरलेले १५ टक्के ग्रामपंचायत क्षेत्रातील शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखलेले आहेत. हे शेवटचे कलम निश्चितच स्वागतार्ह आहे. शहराबाहेरचे मूल स्पर्धेला उतरते तेव्हा त्याच्या पाठीशी काय नसते, याची जाणीव त्यामागे दिसते.

तथापि बेरीज करून पाहिली की चित्र बदलते. समजा, एक विद्यार्थी शहरातील साधनसंपन्न शाळेत आहे आणि दुसरा तिगावसारख्या गावात. दोघांनाही आठवीत ९० टक्के गुण आहेत, म्हणजे ४५ गुणांक. प्रश्नमंजूषेत दोघांनाही ८. शहरातल्या मुलाच्या शाळेने त्याला राज्य विज्ञान प्रदर्शनापर्यंत नेले, म्हणून १०. ऑलिम्पियाड व क्रीडेचे प्रत्येकी ४ आणि स्काऊटचे ५ धरले, तर त्याची बेरीज ७६ होते. गावातल्या मुलाला ग्रामीण शाळेचे १५ मिळून ६८ वरच थांबावे लागते. बुद्धी तीच, अभ्यास तोच, आणि ग्रामीण भार मिळूनही आठ गुणांची तूट. आता त्याच गावातील शाळेने मुलाचा एक प्रयोग जिल्हा प्रदर्शनापर्यंत पोहोचवला, तर ५ वाढतात. शाळेत स्काऊटचे पथक असले, तर आणखी ५. बेरीज ७८ होते आणि तोच मुलगा पुढे जातो. त्याचे स्वतःचे गुण यात एकानेही बदललेले नाहीत. बदलली ती शाळा.

म्हणूनच अर्जावर नाव विद्यार्थ्याचे असले, तरी परीक्षा शाळेची असते. निवडीचा मोठा हिस्सा मुलाच्या नव्हे, तर मुख्याध्यापक आणि विज्ञानशिक्षकाच्या हातात आहे. पंधरा टक्क्यांचा ग्रामीण भार शाळेतील उणिवा भरून काढण्यासाठी दिलेला आहे, पण त्या उणिवांचीच किंमत निकषांत पंचवीस टक्क्यांपर्यंत मोजली जाते.

‘ग्रामीण’ या शब्दाची व्याख्याही तपासून पाहायला हवी. इथे ग्रामीण म्हणजे गरीब किंवा दुर्गम नव्हे, तर ग्रामपंचायत हद्दीतील. पणजीला खेटून असलेल्या ताळगाव-पर्वरीचा मोठा भाग आजही ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत आहे. तेथील सुसज्ज शाळेला मिळणारे पंधरा टक्के आणि सांगे-काणकोणच्या डोंगराळ भागातील शाळेला मिळणारे पंधरा टक्के सारखेच. उलट तिगावातील एखाद्या पालकाने चार पैसे बाजूला टाकून मुलाला पांढुर्ण्याच्या नगरपालिका हद्दीतील शाळेत घातले, तर मूल रोज गावातूनच ये-जा करीत असूनही तो भार गमावते. प्रशासनाला सोपी वाटणारी व्याख्या माणसाच्या परिस्थितीला पुरेशी ठरतेच असे नाही.

वेळापत्रकाची अडचण निराळी. २०२५ मध्ये नोंदणी २४ फेब्रुवारी ते २३ मार्च अशी होती, म्हणजे ऐन वार्षिक परीक्षांच्या धामधुमीत. ‘अंतरिक्ष जिज्ञासा’ या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, ई-मेल पडताळायचा, प्रश्नमंजूषा सोडवायची, माहिती भरायची, मग छापील अर्जावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन तो प्रमाणपत्रांसह पुन्हा चढवायचा. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही दिवसभर बापासोबत मळ्यात असतो, तिथे ही कामे शाळेच्या मदतीवाचून होत नाहीत. प्रवासाचे भाडे तिकीट दाखवल्यावर परत मिळते, पण आधी ते खिशातून काढावे लागते. शिवाय संधी एकदाच, नववीत असतानाच. दहावीत गेलेल्या मुलाला हा कार्यक्रम कळला, तर कळून उपयोग नसतो. २०१९ मधील शासकीय शिफारशीपेक्षा ऑनलाइन अर्ज अधिक खुला आहे, हे खरेच. पण खुल्या दाराची माहिती घरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आता कोणाचीच उरलेली नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. विज्ञान प्रदर्शनातील मागील तीन वर्षांचा सहभाग धरला जातो, त्यामुळे तयारी सातवीपासून सुरू व्हायला हवी. केंद्राच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत प्रत्येक शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि निवडलेल्या मुलाला दहा हजार रुपये मिळतात. तिथेही नामांकन शाळेनेच करायचे असते. शिक्षण खात्याने जानेवारीतच प्रत्येक शाळेकडून नववीच्या इच्छुकांची यादी मागवली आणि प्रत्येक तालुक्यात एक शिक्षक या कामासाठी नेमला, तर त्यासाठी वेगळ्या अर्थसंकल्पाची गरज नाही. इस्रोनेही शाळा कोणत्या हद्दीत आहे यासोबत शाळेत प्रयोगशाळा आहे का, प्रदर्शन भरते का, हे विचारात घेतले तर भार योग्य जागी पडेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उन्हाळ्यातील विज्ञान केवळ अग्निबाणापुरते नसते. पुण्याच्या ‘आयुका’त डॉ. जयंत नारळीकरांनी शालेय मुलांसाठी उन्हाळी उपक्रम रुजवला. शहरातील शाळांची मुले आठवडाभर एकेका शास्त्रज्ञासोबत काम करू लागली. संस्थेच्या दारात असलेल्या मुलांना आत बोलावणे, इतकीच ती कल्पना. गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, जुने गोवे येथे किनारी शेतीची संशोधन संस्था आहे. प्रत्येकीने मे महिन्यात ग्रामीण शाळांतील मोजक्या मुलांना आठवडाभर सामावून घेतले, तर तीन जागांच्या पलीकडे शेकडा मुलांना विज्ञानाचा स्पर्श होईल आणि त्यांच्या पुढच्या अर्जांत लिहायला काही असेल.

तिगावपासून सुमारे शंभर किलोमीटरवर नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. बापाच्या बागेतील संत्र्याची झाडे का वाळतात, हा प्रश्न घेऊन तिथल्या सूक्ष्मदर्शकासमोर बसलेले तिगावचे मूल विज्ञानाच्या अगदी गाभ्याशी असेल. मधे आडवी येते ती राज्याची सीमा. गोव्याच्या मुलापुढे तशी सीमा नाही, संस्था दारात आहेत आणि राष्ट्रीय शिबिरात जागाही राखलेल्या आहेत. तरीही आपल्या दुर्गम तालुक्यांतून अर्ज गेले नाहीत, तर दोष अंतराला देता येणार नाही. येत्या फेब्रुवारीपूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेतून किती अर्ज गेले, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा.