नातवाचे नाव यादीत आहे ना?

दसरा सरला की सेनगाव, कळमनुरीकडच्या अनेक गावांतून कुटुंबे ऊसतोडीसाठी, वीटभट्ट्यांवर निघतात. मुले आजी-आजोबांपाशी राहिली, तर त्यांची शाळा टिकते. आपल्यापैकी ज्यांच्यावर हा भार येतो, त्यांच्यासाठी आजचे हे लेखन.

शाळेचा पैसा मोजणीच्या मागून येतो. अमेरिकेत १९६५च्या कायद्यानुसार गरीब मुलांची संख्या पाहून केंद्राचा निधी शाळांना वाटला जातो. आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेतील शाळेचे वार्षिक अनुदान पटसंख्येवर ठरते; पटावरचे मूल सधन की निर्धन, हे तेथे पाहिले जात नाही. हिंगोली जिल्ह्याचे मागासलेपण शासनाने जाणले होते. मागास क्षेत्र अनुदान निधीसाठी २००६-०७ मध्ये निवडलेल्या देशातील २५० जिल्ह्यांत महाराष्ट्राचे बारा होते आणि त्यांत हिंगोली होती. परंतु जिल्हा मागास ठरल्याने कोणत्या घरी चूल पेटत नाही, हे कळत नाही. शाळांची वार्षिक माहिती ३० सप्टेंबरच्या स्थितीवर भरली जाते. गाव रिकामे होते ते त्यानंतर.

ही उणीव काही अंशी भरून काढणारी सोय म्हणजे हंगामी वसतिगृह. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांचे सर्वेक्षण होते, यादी बनते आणि तिच्या आधारे मंजुरी मिळते. शालेय पोषण आहारातून प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. पण ते दुपारचे एकच जेवण. रात्रीच्या भाकरीचा प्रश्न उरतोच. थकल्या हातांनी दोन-तीन नातवंडांचा स्वयंपाक करणाऱ्या आजीच्या प्रकृतीचाही तो प्रश्न आहे. यादीतून नाव सुटले, तर दोघांचीही आबाळ होते.

म्हणून मुलगा-सून निघण्यापूर्वीच मुख्याध्यापकांना भेटावे. किती मुले मागे राहणार, हे स्पष्ट सांगावे व नाव नोंदले गेल्याची खात्री करावी. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांच्याही कानावर घालावे. मूल आईबापांबरोबर जाणार असेल, तर शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. तेथील शाळेत प्रवेश घेताना ते उपयोगी पडते.

गरिबी सांगण्यात संकोच वाटतो, हे खरे. परंतु लेकराचे नाव नोंदवणे म्हणजे हात पसरणे नव्हे. त्याच्या वाट्याचे त्याला मिळावे, एवढेच ते आहे.